करत नाही की करू शकत नाही?

उर्दू शाळेत मुलांसाठी काही शब्द तयारच असतात. सुस्त, कामचोर, जिद्दी, बेपर्वा. आणि सगळ्यांत जास्त चालणारे वाक्य म्हणजे ‘दिमाग तो है, लगाता नहीं’. शेजारच्या मराठी शाळेत असेच मूल आळशी, हट्टी, वेंधळे, धसमुसळे ठरते. भाषा बदलते, निवाडा बदलत नाही. पहिली-दुसरीतले सहा-सात वर्षांचे मूल असते आणि त्याच्या नावाला एक शेरा चिकटतो. तो शिक्षक लावतात, आईबाप लावतात, मदरशातले हाफिजसाहेब लावतात, घरातली दादीही लावते. मूल तो ऐकत राहते आणि काही वर्षांनी कोणी विचारले तर स्वतःबद्दल तेच सांगू लागते.

हे सारे शब्द नैतिक आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही. आळशी म्हणजे ज्याला काम करता येते, पण जो करत नाही. हट्टी म्हणजे ज्याला ऐकता येते, पण जो ऐकत नाही. प्रत्येक शब्दात ‘करू शकतो’ हे आधीच धरून चाललेले असते. पायाला कॅलिपर लावलेल्या मुलाला पळत नाही म्हणून कोणी कामचोर म्हणत नाही, कारण तिथे न पळण्याचे कारण डोळ्यांना दिसते. पण ज्याच्या बोटांत जोर नाही, अंगाला तोल नाही, डोळा आणि हात यांचा मेळ बसत नाही आणि अंगावर मात्र कसलीच खूण नाही, त्या मुलाचे काय करायचे?

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांच्या नावाशी जोडले गेलेले एक तत्त्व आहे. एखाद्याने अमुक करायला हवे असे म्हणायचे असेल, तर ते त्याला करता येते हे आधी खरे असले पाहिजे. यासाठी आपल्याला जर्मनीपर्यंत जायचीही गरज नाही. फिकहमध्ये बालिग होईपर्यंत मूल मुकल्लफच नसते. मोठ्या माणसालाही उभे राहता येत नसेल तर बसून आणि बसताही येत नसेल तर पडून नमाज पढण्याची मुभा आहे. ती घेणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. नमाजच्या बाबतीत एवढी समज असलेला समाज सहा वर्षांच्या मुलाच्या वहीबाबत इतका कडक का होतो, हा आम्हांला वर्गात रोज पडणारा प्रश्न आहे.

एक मुलगा डोळ्यांपुढे ठेवून बोलू. दुसरीतला. तोंडी विचारले तर पाढे सगळ्यांआधी म्हणणारा, आज ऐकलेली गोष्ट उद्या जशीच्या तशी सांगणारा. वही मात्र बघवत नाही. पेन्सिल इतकी दाबतो की कागद फाटतो, टोक दिवसातून चारदा मोडते. तिसऱ्या ओळीला हात झटकू लागतो. ‘बे’चा नुक्ता खालच्या ओळीत जाऊन पडतो आणि दुसऱ्याच शब्दाचा होतो. सकाळी त्याची आई शर्टाची वरची दोन सोडून बाकी बटणे लावूनच ठेवते आणि शर्ट डोक्यावरून चढवते, कारण शाळेच्या घाईत बटणांसाठी वेळ नसतो. मदरशात दोजानू बसवले की पाच मिनिटांत तो एका बाजूला कलंडतो. चाळीच्या आवारात मुले त्याला क्रिकेटमध्ये घेत नाहीत. चेंडू हातापर्यंत येतो, पण हात वेळेवर मिटत नाहीत. मधल्या सुट्टीत त्याचा डबा शेजारचा मुलगा उघडून देतो आणि त्या बदल्यात अर्धा खातो.

यातला प्रत्येक तुकडा कोणाला ना कोणाला माहीत आहे. बटणांचे आईला माहीत, कलंडण्याचे हाफिजसाहेबांना, चेंडूचे आवारातल्या पोरांना, नुक्त्याचे शिक्षकाला आणि डब्याचे फक्त शेजारच्या मुलाला. आई म्हणते लाडावलाय, हाफिजसाहेब म्हणतात अदब नाही, शिक्षक म्हणतो लक्ष नाही. तिघांचे निवाडे वेगवेगळे, आणि तिघांनी एकत्र बसून आपापले तुकडे एकमेकांशेजारी कधी ठेवलेलेच नाहीत. ठेवले असते तर दिसले असते की हे सगळे एकच आहे: या मुलाचे शरीर त्याच्या मनाने सांगितलेले काम नीट करत नाही.

आमच्या मते ओळखण्याची खरी सुरुवात इथे आहे. एका ठिकाणची अडचण ही बहुधा त्या ठिकाणाची असते. फक्त वहीतच त्रास असेल तर शिकवण्याकडे बघावे, फक्त मदरशातच असेल तर तिथल्या बसण्याच्या वेळेकडे बघावे. पण जी अडचण घरी, वर्गात, खेळात आणि जेवणाच्या ताटावरही दिसते, महिनोन्‌महिने हटत नाही आणि रोजचे जगणे अडवते, ती विचारण्याजोगी आहे.

विचारायचे कोणाला? याचे उत्तर म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात, आणि या शब्दाने बराच घोटाळा केला आहे. पालक विचारतात, टीचर, एवढ्याशा पोराला आतापासून कुठला धंदा शिकवायचा? इथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा उद्योग नव्हे. माणूस दिवसभरात जे काही करण्यात गुंतलेला असतो ते सगळे. मोठ्यांचा व्यवसाय नोकरी आणि घर. मुलाचा व्यवसाय खाणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे, चार मुलांत मिसळणे. यातले जे अडते ते कशामुळे अडते हे बघून, मुलाला आणि त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींनाही थोडे बदलून ते सुरू करून देणे, हे या लोकांचे काम.

हे शास्त्र काही कालपरवा परदेशातून आलेले खूळ नाही. कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन, लग्नाने भारतीय झालेल्या बाईंनी १९५० मध्ये परळच्या के.ई.एम. रुग्णालयात याचे शिक्षण सुरू केले. आशियातले ते पहिले विद्यालय मानले जाते. १९५२ मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. (फलटणला त्यांच्या नावाची एक नावाजलेली शाळा आहे, पण शिक्षकांच्या गप्पांत त्या शाळेचे नाव जेवढे निघते तेवढे त्यांच्या या कामाचे निघत नाही.) डोंबिवलीहून लोकलने तासाभरात परळ येते. पंचाहत्तर वर्षांत ही गोष्ट ते तासाभराचे अंतर कापून आपल्या मोहल्ल्यांपर्यंत पुरती पोचलेली नाही.

आता करत नाही आणि करू शकत नाही यांतला फरक ओळखायचा कसा? आम्हांला एक साधी कसोटी उपयोगी वाटते. आळस निवड करतो. नको असलेल्या कामाला तो येतो आणि हव्या असलेल्या कामाच्या वेळी गायब होतो. असमर्थता निवड करत नाही. ती ईदच्या सकाळीही असते. नवे कपडे घालून, ईदी गोळा करायला पळायची घाई झालेला मुलगा कुर्त्याच्या बटणांशी झगडतोय, कपाळाला घाम आलाय, डोळ्यांत पाणी आलेय आणि तरीही बटण काजात जात नाही. तिथे आळशी हा शब्द कसा लावणार? मनापासून हवे असतानाही जे जमत नाही, ते न जमणेच असते.

दुसरी कसोटी वाट बदलण्याची. लिहून येत नाही तेच तोंडी विचारावे. ठोकळे किंवा काडेपेटीतल्या काड्या लावून दाखवायला सांगावे. एका वाटेने अडलेले मूल दुसऱ्या वाटेने खुशीत धावत येत असेल, तर अडचण त्या वाटेवर आहे, मुलाच्या नियतीत नाही. मात्र यात एक फसगत आहे. अशा मुलांना काल जे जमले ते आज जमतेच असे नसते. थकवा, घाई, आवाज, नवी पेन्सिल, कशानेही फरक पडतो. मोठे म्हणतात, काल तर नीट लिहिलेस, म्हणजे येते तुला, आज नखरे करतोस. कालचा एक चांगला दिवस मुलाविरुद्धचा पुरावा होऊन बसतो.

हेही सांगून टाकतो, की अडचण असलेले मूल फरिश्ता नसते. वही बाहेर काढायला सांगताच पोटात दुखू लागणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांतली काही खोटे बोलत होती. पण रोज हरण्याच्या जागी जायचे टाळणे हा आळस आहे का? आपणही ज्या दुकानदाराची उधारी थकली असेल त्याच्या गल्लीतून जात नाही.

वयाचा अंदाज असल्याशिवाय या कसोट्या चालत नाहीत, म्हणून थोडे त्याबद्दल. साधारण तीन वर्षांचे मूल बघून गोल काढते, चार वर्षांचे अधिकची खूण, पाचच्या आसपास चौकोन आणि मग त्रिकोण. दोन्ही पायांनी उडी तिसऱ्या वर्षापर्यंत येते, एका पायावर लंगडी चौथ्या-पाचव्या वर्षी. मोठी बटणे चार-पाच वर्षांपर्यंत, बुटाची नाडी सहाच्या पुढेमागे. पेन्सिल आधी मुठीत धरली जाते आणि चार ते सहा या वयात हळूहळू तीन बोटांवर येते. हे आकडे म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे, आणि आपल्याला माहीत आहे की रेल्वेचे वेळापत्रकही तसे नसते. दोन-चार महिन्यांचा मागेपुढेपणा चालायचाच. एखाददुसरी गोष्ट उशिरा येणे वेगळे आणि चार-पाच गोष्टी मिळून वर्ष-दीड वर्ष मागे असणे वेगळे.

काही गोष्टींत मात्र थांबायचे नसते आणि तिथे थेरपिस्टच्याही आधी बालरोगतज्ज्ञ गाठावा. आलेली गोष्ट जाणे, म्हणजे बोलणारे मूल बोलेनासे होणे, चालणारे अडखळू लागणे. वर्ष-सव्वा वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत आवळलेला राहत असेल, तर ती हुशारीची खूण नव्हे. त्या दुसऱ्या हाताला काही झाले आहे का ते बघायला हवे. आणि एक खूण आपल्या घरांत नमाजमुळे सहज दिसू शकते. चार-पाच वर्षांचा मुलगा अब्बांच्या शेजारी नमाजची नक्कल करतो. सज्द्यातून उठताना तो स्वतःच्या गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकवत, जणू अंगावरूनच वर चढत उठत असेल, तर तो लाडीक खेळ समजू नये. स्नायूंच्या काही आजारांत मुले नेमकी अशीच उठतात.

हाताचा विषय निघाला आहे तर डाव्या हाताबद्दल बोलायलाच हवे, कारण आपल्या घरांत सगळ्यांत जास्त गोंधळ इथे आहे. उजव्या हाताने जेवणे ही सुन्नत आहे, हे प्रत्येक मूल बोलायला लागण्याआधी शिकते, आणि ते शिकवावे याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण जेवणाचा नियम उचलून पेन्सिलीला, कात्रीला, चेंडूला लावला जातो. डावखुरेपणा हा आजार नाही, उणीव नाही आणि बेअदबीही नाही. मेंदूच्या घडणीतच तो असतो. डावखुऱ्या मुलाचा हात बांधून, हातावर पट्टी मारून त्याला उजव्याने लिहायला लावले, की त्याचे अक्षर बिघडते आणि मग तेच बिघडलेले अक्षर आपण त्याच्या बेपर्वाईचा पुरावा म्हणून दाखवतो. इथे उपचाराची गरज मुलाला नाही. गरज असू शकते ती वेगळ्या मुलाला: जे सहा वर्षांचे झाले तरी कुठला हात आपला हे ठरवू शकत नाही, कागदाच्या डाव्या बाजूला डाव्याने आणि उजव्या बाजूला उजव्याने लिहिते, मध्यरेषा आली की पेन्सिल हातातून हातात बदलते.

मारण्याबद्दल वेगळे सांगायला नको. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या, १७व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या हाताला काम जमत नाही त्याच हातावर पट्टी मारण्यामागचा हिशेब आम्हांला कधी समजलेला नाही.

आमच्या वर्गांत आणखी एक गुंता आहे. आमचे मूल उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिते आणि मराठी व इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उर्दूत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. नुक्ता एक की तीन, वर की खाली, यावर शब्द फिरतो. मराठीत शिरोरेषेला लटकायचे, इंग्रजीत खालच्या रेषेवर उभे राहायचे. एवढी कसरत करणारे पहिलीतले मूल एखादे अक्षर उलटे काढत असेल तर घाबरू नये. सातव्या वर्षापर्यंत उलटी अक्षरे एका लिपीत शिकणाऱ्या मुलांतही दिसतात. पण गोंधळ लिपीचा असेल तर तो चित्र रंगवताना दिसणार नाही, लंगडी घालताना दिसणार नाही. म्हणून नुसत्या वहीवरून अंदाज बांधू नये, आणि उर्दू माध्यमामुळेच हे झाले असा निष्कर्ष काढून मूल इंग्रजी शाळेत टाकू नये. हात तोच राहतो.

काही मुलांची अडचण हातांत नसते, स्पर्श आणि आवाज सोसण्यात असते. केस कापायला नेले की रस्ता डोक्यावर घेणारे मूल. ईदच्या शेरवानीची जर टोचते म्हणून उलट्या करणारे. वजू करताना बाहीवर पाण्याचे चार थेंब पडले तरी कपडे बदलल्याशिवाय पुढे न सरकणारे. कुकरच्या शिट्टीला, लग्नातल्या बँडला कानांवर हात दाबून टेबलाखाली शिरणारे. याच्या उलट टोकाचेही असते: सतत धडकणारे, गोल गोल फिरणारे, लागले तरी न रडणारे. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने अशा मुलांचा विचार केला आणि १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मेंदू इंद्रियांकडून आलेली माहिती कशी जुळवतो यावर तिचा भर होता. आज गल्लोगल्ली ‘सेन्सरी’ नावाची जी केंद्रे दिसतात त्यांचे मूळ तिथे आहे. पण या उपचाराचा उपयोग किती, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच डॉक्टरांना सावध केले होते की इंद्रियांची अडचण हे स्वतंत्र निदान म्हणून चिकटवू नये, मागे ऑटिझम किंवा दुसरे काही आहे का ते तपासावे. तेव्हा झोपाळे आणि रंगीत गोळे असलेली खोली दाखवून कोणी वर्षभराचे पैसे आगाऊ मागत असेल तर आपण उठून यावे. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे. तिच्याकडे तुमची नोंदणी आहे का, असे विचारायला लाजू नये.

इथे विचारी वाचक आम्हांला अडवील, आणि अडवावेच. तो म्हणेल, आमच्या लहानपणी कुठे होते हे सगळे? वेंधळी मुले होती, ती मोठी झाली, संसाराला लागली. प्रत्येक सुस्त मुलाला उपचाराकडे पाठवले तर बालपणच आजार ठरेल. या म्हणण्यात तथ्य आहे. चार वर्षांच्या मुलाला ओळीत अक्षरे काढता येत नाहीत म्हणून ज्युनिअर केजीतून चिठ्ठी येते, तेव्हा तपासायला हवी ती केजी. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते सहा हे वय खेळातून शिकण्याचे मानले आहे. एका खोलीच्या घरात, जिथे रांगायला जागा नव्हती, जिथे रडू नये म्हणून हातात मोबाइल आला, ज्या मुलाने कात्री कधी धरलीच नाही, त्याला कात्री येत नाही याला असमर्थता कसे म्हणावे? त्याला संधी मिळालेली नाही. आधी सहा-आठ आठवडे कात्री द्यावी, माती द्यावी, पायऱ्या चढू द्याव्यात. संधी मिळताच जे मूल झेपावते त्याला थेरपिस्टची गरज नव्हती. मिळूनही जे तिथेच राहते त्याच्याबद्दल आपण बोलत आहोत. हालचालींचा मेळ न बसण्याची ही अडचण शाळकरी मुलांत शंभरात पाच-सहांना असते असे मानले जाते, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघांना. बाकीच्या अडतीस मुलांना उगीच रांगेत उभे करायचे नाही, आणि या दोघांना अडतिसांच्या नावाखाली दडपायचेही नाही.

इमाम गजालींनी, ज्यांचा इंतकाल १११১ मध्ये झाला, ‘इह्या’मध्ये मुलाला मकतबच्या अभ्यासानंतर मनमोकळे खेळू द्यावे असे सांगितले आहे, सारखे दाबून ठेवले तर मुलाचे मन मरते, अशी त्यांची चिंता होती. नऊशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला मानला असता तर आज कित्येक मुलांच्या हातांना आपोआप ताकद आली असती.

आता त्या भीतीबद्दल, जिच्यामुळे पुढचे पाऊल पडत नाही. ‘पोराला थेरपीला नेतात’ ही बातमी मोहल्ल्यात पसरली तर? सासरचे म्हणतील, हमारे खानदान में ऐसा कोई नहीं था. म्हणजे दोष कोणाकडून आला, ते आपोआप ठरले. आम्ही पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात पहिला निवाडा मुलावर होतो आणि दुसरा त्याच्या आईवर: मोबाइल हिनेच दिला, लाड हिनेच केले, गरोदरपणी ही ऐकत नव्हती. मग ताविज, मग नजर उतरवणे, आणि त्यात दोन वर्षे जातात. दुआ जरूर करावी, पण दुआ करत असताना ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच की. मुलींचे आणखी वेगळे. मुलगा धडपडतो, आपटतो, म्हणून दिसतो तरी. मुलगी कोपऱ्यात गप्प बसते, तिला सीधी आणि शरीफ म्हणतात, आणि तिचे न जमणे कोणाच्या नजरेलाच येत नाही. कोणाला कळलेच तर तिच्या निकाहाची चिंता सात वर्षांच्या वयात सुरू होते.

दोन चुका होऊ शकतात. न जमणाऱ्याला न करणारा म्हणणे ही एक, आणि उशिरा जमणाऱ्याला न जमणारा म्हणणे ही दुसरी. दोन्ही चुकाच आहेत, पण त्यांची किंमत सारखी नाही. दुसरीत काही फेऱ्या, काही रुपये आणि थोडी चर्चा जाते. तपासणारा म्हणतो, काही नाही, खेळू द्या, आणि आपण घरी येतो. पहिलीत मूल आपणच वाईट आहोत असे मानू लागते, आणि ते परत घेता येत नाही. रोजंदारी बुडवून जाणाऱ्या बापाला काही फेऱ्या स्वस्त असतात असे म्हणण्याची आमची हिंमत नाही. तरीही वजन कुठे जास्त आहे याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

जायचे कुठे, हेही सांगायला हवे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा यायचे असते, आणि विकासातला उशीर तपासणे हे त्याच्या कामात स्पष्ट आहे. पथक येते त्या दिवशी मूल गैरहजर ठेवू नये आणि शिक्षकाने नुसती उंची-वजनाची यादी पुढे न करता त्या दोन मुलांकडे बोट दाखवावे. जिल्हा पातळीवर लवकर उपचारासाठीची केंद्रे याच कार्यक्रमात आहेत. मुंबईत के.ई.एम., शीव आणि नायर या पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. हाजीअलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. दर्ग्याला जाणारे आपले कित्येक लोक तिच्या दारावरून जातात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात थेरपीचाही खर्च येतो.

आणि बरेचसे काम घरातच होते. चांगला थेरपिस्ट आठवड्यातला एखादा तास घेतो, बाकीचे आईबापांना शिकवून पाठवतो: कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, ओले कपडे पिळायला आणि चिमटे लावायला द्या, बादली उचलू द्या. यात एक विनोद आहे. आपल्या घरांत ही सगळी कामे मुलीच्या वाट्याला येतात आणि मुलाला पाण्याचा ग्लासही हातात मिळतो. ज्या हातांना या कामाची सर्वांत जास्त गरज आहे ते हात आपण मर्द म्हणून रिकामे ठेवतो. एका घरात थेरपिस्टने सांगितले म्हणून मुलाला कणकेची परात दिली, तर दादी नाराज झाली: पोराला बावर्ची करणार का? तिला आम्ही एवढेच म्हटले की दादीजान, शादीतल्या देगा शिजवतात ते सगळे बावर्ची मर्दच असतात. ती हसली, परात राहिली.

पहिल्या भेटीला जाताना कसलेही प्रमाणपत्र लागत नाही, शाळेच्या दाखल्यावर काही लिहिले जात नाही आणि नातेवाइकांना सांगावेच लागते असेही नाही. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. दोन आठवडे एका कागदावर लिहून ठेवावे: काय जमले नाही, कुठे, कधी, आधी काय घडले होते, आणि कशाने सोपे झाले. आळशी, हट्टी, जिद्दी हे शब्द त्या कागदावर नसावेत. ‘बटण लावायला दहा मिनिटे, दोन लागली, मग रडला’ असे असावे. हाफिजसाहेबांना आणि वर्गशिक्षकाला विचारून त्यांच्या दोन ओळी त्यातच घालाव्यात. मुलाच्या दोन वह्या न्याव्यात, एक उर्दूची आणि एक मराठीची, खाडाखोड केलेल्या आणि फाटलेल्या पानांसकट. आणि मुलाला शर्ट बटणांचा घालावा, डोक्यावरून चढवलेला नको, म्हणजे तो काढताना आणि घालताना काय करतो ते तिथे दिसेल.